उन्हाळ्यात नदीकाठी कॅम्पिंग: जोडीदार आणि कुत्र्यासोबत मुक्काम करताना काय माहीत असावे?

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या उकाड्याला कंटाळलेली अनेक जोडपी शनिवार-रविवार गाठून नदीकाठी तंबू ठोकायला निघतात. घरात कुत्रा असेल तर त्याला कुठे ठेवायचे हा प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा उत्तर ठरते, 'चल, त्यालाही घेऊन जाऊ.' कल्पना चांगली आहे. मात्र उन्हाळ्यातली नदी दिसते तेवढी शांत नसते आणि कुत्र्याचे शरीर उष्णतेला आपल्यासारखे तोंड देऊ शकत नाही. हे दोन मुद्दे नीट समजून घेतले, तर सहलीतले बरेचसे धोके टाळता येतात.

या लेखात नदीची निवड, पाण्याची अचानक वाढ, कुत्र्याची काळजी, वन्यप्राणी, कायदेशीर बाबी आणि सोबत न्यायच्या वस्तू यांची माहिती घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचे

- धरणाखालच्या नदीत पाऊस नसतानाही पाणी वाढते. तंबू पात्रात किंवा वाळूवर लावू नका.
- सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत कुत्र्याला सावलीत ठेवा. बंद गाडीत एक क्षणही एकटे सोडू नका.
- वाशिष्ठी, सावित्री आणि कृष्णा या नद्यांमध्ये मगरी आहेत. तिथे कुत्र्याला पाण्याजवळ नेऊ नका.
- रात्री कुत्रा तंबूच्या आतच झोपला पाहिजे.
- अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेऊ नका.
- कुत्रा वाहून जात असेल तरी त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका.

पाऊस नसताना नदीला पाणी कसे वाढते?

महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्यांवर धरणे आहेत. उन्हाळ्यात या नद्यांत वाहणारे पाणी बरेचदा धरणातून सोडलेले असते. ते सोडण्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण वीजनिर्मिती. कोलाडजवळची कुंडलिका नदी हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. मुळशी धरण घाटमाथ्यावर, मुळा नदीवर आहे. तिथले पाणी सह्याद्रीच्या खाली कोकणात उतरवून भिरा येथील जलविद्युत केंद्रात वीज तयार केली जाते. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. जनित्रातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत सोडले जाते, म्हणूनच ही नदी भर मे महिन्यातही वाहते आणि तिथे राफ्टिंग होऊ शकते. पण याचा अर्थ असाही होतो की नदीची पातळी विजेच्या गरजेनुसार कमी-जास्त होते. सकाळी ज्या खडकावर बसून चहा घेतला, तो थोड्या वेळाने पाण्याखाली गेलेला असू शकतो. वाशिष्ठी नदीचेही तसेच आहे. कोयना धरणाचे पाणी वीजनिर्मितीनंतर चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत येते.

दुसरे कारण शेती आणि पिण्याचे पाणी. उन्हाळ्यात धरणांतून ठरावीक दिवसांसाठी पाणी सोडले जाते, त्याला आवर्तन म्हणतात. हे पाणी कधी कालव्याने तर कधी थेट नदीपात्रातून खाली जाते. आदल्या दिवशी कोरडे दिसणारे पात्र आवर्तन सुरू झाल्यावर काही तासांत भरते.

याचा धोका किती मोठा असतो, हे ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात दिसले. मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरून हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी छायाचित्रे काढत होते. त्याच वेळी वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहल-सहायक असे २५ जण वाहून गेले.

तिसरी शक्यता वळवाच्या पावसाची. मे महिन्यात दुपारनंतर घाटमाथ्यावर जोरदार पाऊस पडतो, तेव्हा खाली ऊन असले तरी ओढ्या-नद्यांना अचानक लोंढा येऊ शकतो.

पाणी वाढत असल्याची लक्षणे

- स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे
- पाण्यावर पालापाचोळा, काटक्या किंवा फेस वाहत येणे
- खळखळाटाचा आवाज वाढणे किंवा बदलणे
- काठावरचा एखादा दगड बुडालेला दिसणे
- धरणाचा भोंगा वाजणे

यांतले एक जरी लक्षण दिसले तरी सामान तिथेच सोडून आधी उंचावर जा. भोंगा प्रत्येक ठिकाणी ऐकू येईलच असे नाही. एक सोपी युक्ती अशी: पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी तिच्यापासून किती दूर आहे ते पाहा.

तंबू कुठे लावावा?

नदीपासून किती अंतरावर, यापेक्षा नदीपासून किती उंचावर हे जास्त महत्त्वाचे. काठावरची झाडे नीट पाहा. फांद्यांत अडकलेले गवत, प्लास्टिक किंवा खोडावरचा चिखलाचा पट्टा म्हणजे मागच्या पुराची खूण. तंबू या खुणेच्या वर असावा. नदीतले बेट, वाळूचा पट्टा आणि दोन प्रवाहांच्या मधली जागा कितीही सुंदर दिसली तरी टाळावी. चारही बाजूंनी पाणी वाढले तर बाहेर पडायला वाट राहत नाही.

सावली हवीच, पण वाळलेल्या फांद्यांखाली किंवा नारळाखाली तंबू नको. विजा चमकू लागल्या तर एकट्या उंच झाडाखालीही थांबू नये. त्या वेळी पक्की इमारत किंवा बंद काचांची गाडी अधिक सुरक्षित. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडण्याची पूर्वसूचना देते. ते आधीच घेऊन ठेवावे, कारण नदीकाठी नेटवर्क मिळेलच असे नाही.

जागा नक्की करण्याआधी गावातल्या दोन माणसांना विचारा: पाणी कधी सुटते, डोह कुठे आहे, इथे कोणी बुडाले आहे का? ही माहिती कोणत्याही नकाशावर मिळत नाही. जमीन बहुतेक वेळा कोणाच्या तरी मालकीची असते, त्यामुळे परवानगीचा प्रश्नही याच बोलण्यात सुटतो.

कुत्र्याला उष्णता का सोसत नाही?

माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तोही थोडाच. तो शरीर थंड ठेवतो ते धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून. कोकणातल्यासारखी हवा दमट असेल तर हा ओलावा नीट उडत नाही. त्यामुळे तापमान ३४-३५ अंश असले तरी कोकणातला कुत्रा देशावरच्या कोरड्या हवेतल्या कुत्र्यापेक्षा लवकर अडचणीत येऊ शकतो.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर परिणाम होऊ लागतो. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना, लठ्ठ आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना, तसेच हस्कीसारख्या दाट केसांच्या जातींना धोका अधिक. चपट्या नाकाच्या कुत्र्याला मे महिन्यात अशा सहलीला न नेणेच योग्य.

*उष्माघाताची लक्षणे:* न थांबणारी जोरदार धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या जाणे, उलटी, जुलाब आणि शेवटी झटके किंवा शुद्ध हरपणे.

*लगेच काय करावे?*

१. कुत्र्याला सावलीत न्या आणि त्याच्या अंगावर साधे थंड पाणी भरपूर ओता. पोट आणि जांघा विसरू नका.
२. वहीने, टॉवेलने, मिळेल त्याने वारा घाला. वाऱ्याने पाणी उडते आणि उष्णता निघून जाते.
३. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.
४. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, पण जबरदस्तीने पाजू नका.
५. आधी थंड करा, मग गाडीत घाला. वाटेत एसी चालू ठेवा.
६. कुत्रा सावरल्यासारखा वाटला तरी पशुवैद्याला दाखवा. आतल्या अवयवांची हानी एक-दोन दिवसांनंतरही समोर येऊ शकते.

रस्ता किंवा खडक तापला आहे का, हे पाहण्यासाठी हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसत असेल तर कुत्र्याच्या पंजांनाही बसेल. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून त्याला गाडीत ठेवणे सर्वांत घातक. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीतले तापमान १० मिनिटांत ४० अंशांच्या पुढे जाते. काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

पाण्याचा हिशोब असा: कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात, धावपळ झाल्यावर हे प्रमाण दुपटीपर्यंत जाते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी वेगळे ठेवा.

सगळ्या कुत्र्यांना पोहता येते का?

नाही. आखूड पायांचे, जड छातीचे आणि चपट्या नाकाचे कुत्रे लवकर थकतात. लॅब्रॅडॉर किंवा गावठी कुत्रा चांगला पोहत असला तरी वाहत्या पाण्याची त्याला सवय असेलच असे नाही. पहिल्यांदा त्याला पोटाला पाणी लागेल एवढ्याच खोलीत, पाच-सहा मीटरच्या लांब दोरीला बांधून सोडा. दोरी गळपट्ट्याला न लावता छातीच्या पट्ट्याला लावा. पाठीवर मूठ असलेले लाइफ जॅकेट असेल तर उत्तम, कारण त्या मुठीला धरून कुत्र्याला वर ओढता येते.

साचलेल्या डबक्यावर हिरवट साय किंवा तवंग दिसला तर तिथे कुत्र्याला जाऊ देऊ नका. काही नील-हरित शेवाळे विषारी असतात आणि ते पाणी प्यायल्याने कुत्रा काही तासांत दगावू शकतो. नदीतून बाहेर आल्यावर त्याला स्वच्छ पाण्याने धुवा आणि कान कोरडे करा. लेप्टोस्पायरोसिस हा आजार दूषित पाण्यातून पसरतो, कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही. रेबीजबरोबर त्याचीही लस झालेली असावी. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या लशीचा त्या सहलीत उपयोग नसतो, त्यामुळे किमान महिनाभर आधी पशुवैद्याशी बोला.

आणि सर्वांत महत्त्वाचे: कुत्रा प्रवाहात ओढला गेला तर मालकाची पहिली ऊर्मी त्याच्यामागे उडी मारण्याची असते. असे करू नका. अनेकदा कुत्रा पुढे कुठेतरी काठाला लागतो आणि माणूस मात्र बुडतो. काठाकाठाने खालच्या बाजूला पळा, त्याला हाक मारत राहा, दोरी किंवा फांदी पुढे करा. माणूस बुडत असेल तरीही रिकामा कॅन, बंद बाटल्यांची पिशवी किंवा दोरी फेकणे हाच पहिला उपाय. दारू घेतली असेल तर त्या दिवशी दोघांनीही पाण्यात उतरू नये.

मगर, बिबट्या, साप आणि गोचीड

*मगर:* चिपळूणजवळची वाशिष्ठी, महाडजवळची सावित्री, सांगली परिसरातली कृष्णा आणि वारणा या नद्यांमध्ये मगरी आहेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठावरच्या वाळूत-मातीत अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत त्या जागेची राखण करते. काठावर पाणी पिणारा कुत्रा हे मगरीचे सोपे भक्ष्य असते. या नद्यांच्या काठी कुत्र्यासोबत मुक्काम करू नये.

*बिबट्या:* अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात, वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या आहाराचा सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे आढळले. प्रवरेच्या खोऱ्यात, जुन्नर भागात किंवा घाटाच्या पायथ्याशी रात्री कुत्र्याला बाहेर खुंटीला बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण देणे. कुत्रा तंबूत घ्या आणि उरलेले अन्न गाडीत बंद करा.

*साप आणि विंचू:* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. अनेकदा चावल्याचे कळतही नाही, पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड होणे ही लक्षणे दिसतात. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबूच वापरा. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. बूट झटकूनच घाला, कारण कोकणात लाल विंचू आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध प्रभावी असल्याचे दाखवले, त्यामुळे वेळेत रुग्णालय गाठले तर जीव वाचतो. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे हे काहीही करू नका. माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. कुत्र्याला चालू न देता उचलून न्या आणि निघतानाच पशुवैद्याला फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का ते विचारा.

*गोचीड:* उन्हाळ्यात गोचिडी वाढतात आणि त्यांतून कुत्र्यांना गंभीर ताप येतो. सहलीआधी गोचीड-प्रतिबंधक औषध द्या. रोज संध्याकाळी कान, काख आणि बोटांच्या बेचक्या तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका किंवा जाळू नका. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. हा आजार माणसांना गोचिडीमार्फतच होतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या काळात असतो. तिथल्या जंगलालगतच्या नदीकाठी उन्हाळ्यात मुक्काम टाळलेला बरा.

कायदा काय सांगतो?

*संरक्षित क्षेत्र:* अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि पाळीव कुत्रे आत नेता येत नाहीत. यामागे ठोस कारण आहे. कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर हा आजार जंगली प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले, तेव्हा मेलेल्या सिंहांमध्ये याच विषाणूचा संसर्ग आढळला. भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे आणि काजव्यांची बरीच ठिकाणे अभयारण्यातच येतात.

*अविवाहित जोडपे:* दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न न करता एकत्र मुक्काम करण्यास मनाई करणारा कायदा भारतात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मात्र खासगी कॅम्प आपले नियम ठरवू शकतात. त्यामुळे बुकिंग करतानाच जोडप्याबद्दल आणि कुत्र्याबद्दल विचारून उत्तर लेखी घ्या. दोघांचेही ओळखपत्र सोबत ठेवा.

*रेल्वे:* कुत्र्याला स्लीपर, थ्री टायर, टू टायर किंवा चेअर कारमध्ये नेता येत नाही. फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचा कक्ष पूर्ण आरक्षित असेल तरच तो सोबत राहू शकतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. उन्हाळ्यात ती पेटी टाळा.

चूल आणि जेवण

फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा काळ. वाळलेल्या गवतात चूल पेटवू नका, शक्यतो गॅसचा छोटा स्टोव्ह वापरा. शेकोटी केलीच तर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत विझवा.

आपल्या ताटातले सगळे कुत्र्याला चालत नाही. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, त्यामुळे मसाला लावलेले चिकन देऊ नये. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुकेही वर्ज्य. त्याचे रोजचेच खाणे न्या, सहलीत नवा पदार्थ नको.

दोघांत कामाची वाटणी कशी करावी?

दोनच माणसे असली की 'कुत्रा तुझ्याकडे आहे असं मला वाटलं' हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हणून तंबू लावताना, स्वयंपाक करताना आणि पोहताना कुत्र्याची दोरी कोणाच्या हातात आहे हे तोंडाने सांगा. दोघांनी एकाच वेळी पाण्यात उतरू नये. गाडी दोघांनाही चालवता येत असेल तर उत्तम. नसेल, तर ज्याला येते त्याला काही झाल्यास काय करायचे हे आधीच ठरवा. घरच्या एका माणसाला जागेचे ठिकाण आणि परतण्याची वेळ कळवून ठेवा.

सोबत काय न्यावे?

- पिण्याचे पाणी, पसरट वाटी, कुत्र्याचे नेहमीचे खाणे
- छातीचा पट्टा, लांब दोरी, मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला
- लसीकरणाचे कार्ड आणि जवळच्या पशुवैद्याचा फोन नंबर
- १५ मीटर तरंगणारी दोरी, शिट्टी, दोन टॉर्च
- चिमटा, बँडेज, जंतुनाशक, ओआरएस (माणसांसाठी)
- कचऱ्याच्या आणि कुत्र्याच्या विष्ठेच्या पिशव्या

उपयोगी क्रमांक: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, पशुवैद्यकीय सेवा १९६२, वन विभाग १९२६.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नदीचे पाणी पिता येईल का?*
नदी स्वच्छ दिसली तरी पाणी गाळून, खळखळ उकळी येऊन किमान एक मिनिट उकळल्यावरच प्या.

*शौचाची सोय नसेल तर?*
पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करा आणि नंतर बुजवा. साबण थेट नदीत वापरू नका. खालच्या गावात हेच पाणी पितात.

*कुत्र्याला पहिल्यांदाच नेत असू तर?*
आधी एक रात्र घराच्या गच्चीवर किंवा अंगणात त्याच्यासोबत तंबूत झोपून पाहा. रात्रभर तो अस्वस्थ राहिला, भुंकत राहिला, तर यंदा त्याला घरच्यांकडे ठेवणेच त्याच्या भल्याचे.

*सहलीसाठी योग्य काळ कोणता?*
कुत्रा सोबत असेल तर मेपेक्षा फेब्रुवारी-मार्च बरा. मे महिन्यातच जायचे असेल तर दुपारी चारनंतर पोहोचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत निघा. नदीकाठची संध्याकाळ, रात्र आणि पहाट एवढ्यातही मनासारखी अनुभवता येते. तापलेली दुपार मात्र कुत्र्यासाठी नाही आणि खरे तर आपल्यासाठीही नाही.